नकाशात हा रस्ता आहे

पिट्सबर्गच्या नकाशात हा रस्ता आहे.
नावही आहे, टर्लो वे.
प्रत्यक्षात एकशे सदुसष्ट पायऱ्या,
टेकडीच्या पोटावर घाईत घातलेल्या टाक्यांसारख्या.
पिझ्झा पोचवणारी पोरं फोनवर विसंबून येतात
आणि पहिल्या पायरीशी गाडीचे दिवे तसेच ठेवून
वर बघत राहतात.

अर्ज मी भरला,
कारण त्या संध्याकाळी चार्जिंग फक्त माझ्या लॅपटॉपला होतं.
बर्नडीन हुडाकचं स्वयंपाकघर, कोबीची वाफ,
आम्ही पाच जण आणि रकाना क्रमांक सहा:
या जागेचा वापर दररोज किती नागरिक करतात?

मोजू की, बर्नडीन म्हणाली.
मंगळवारी पहाटेच ती खिडकीशी खुर्ची टाकून बसली
जपमाळ घेऊन. माणूस गेला की एक मणी.
रात्री हिशेब लागला:
सात माणसं, एक हरणी पाडसासकट,
आणि लुशियस टॉलिव्हर,
जो गुडघा धरून निम्म्यावरून परतला.
निम्म्यावरून परतलेला माणूस धरायचा का?
मी साडेसात लिहिलं.
संगणकाने घेतलं नाही.

पूर्वी म्हणे पाळी सुटली
की खालच्या पोलादाच्या कारखान्यातून
चारशे बूट एकदम वर चढायचे,
फडताळातल्या बशा किणकिणायच्या.
बर्नडीनच्या आईला नुसत्या आवाजावरून कळायचं
आज पगार झालाय
की कुणीतरी भाजलंय.

मग "आपला वाटा".
पैसे नसतील तर श्रमाचे तास दाखवा.
बर्नडीनने एकेचाळीस हिवाळ्यांचा बर्फ दाखवला,
एकटीने ओढलेला, वरून खालपर्यंत.
मंजुरीआधीचं काम ग्राह्य नाही.
देवीमाया रिजाल इतका वेळ गप्प होती.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून म्हणाली,
आम्ही अठरा वर्षं छावणीत काढली, नेपाळात.
सगळीच जागा सार्वजनिक.
ते तास धरतात का?
कुणाला हसावं की नाही कळेना.
शेवटी तीच हसली, आणि कोबी वाढायला उठली
जणू घर तिचंच.

मागितलं होतं: कठडा, तीन दिवे,
आणि त्र्याऐंशीव्या पायरीवर एक बाक,
म्हणजे जिथे लुशियसचा गुडघा बोलायला लागतो तिथे.
मिळाला कठडा. एक दिवा.
बाकापुढे शेरा होता:
विनाकारण रेंगाळण्यास उत्तेजन मिळेल.
लुशियसने ते पत्र तीनदा वाचलं, दर वेळी जास्त खूश होत.
विनाकारण! म्हणाला. बासष्ट वर्षांत
मला पहिल्यांदाच कुणी इतकं मोकळं समजलंय.

तीस वर्षं त्याने शहराच्या बसगाड्या दुरुस्त केल्या.
कठड्याला रंग दिला त्याच्या पुढच्या रविवारी
त्र्याऐंशीव्या पायरीवर एक आसन उगवलं,
निळं, दोघांचं, बोल्ट मारून पक्कं,
वर जुनी चिकटपट्टी: कृपया वृद्धांना जागा द्या.
कुणी बसवलं ते अहवालात मी लिहिलं नाही.
अहवालात तसा रकाना नव्हता,
आणि रकान्याबाहेर लिहायचं नाही
हे एव्हाना आम्ही शिकलो होतो.

काल रात्री मी पिझ्झा मागवला.
खाली गाडी थांबली. दिवे.
मग दिवे विझले, इंजिन थांबलं,
कठड्यावर एक हात सरकत वर येऊ लागला.
मी दारात उभा राहिलो. पाच मिनिटं. पंधरा.
पिझ्झा येईना.

बर्नडीनला फोन केला.
आजचे आठ झाले ना?
थांब, ती म्हणाली, मणी अजून बोटातच आहे.
पोरगा लुशियसशेजारी बसलाय,
खोका मांडीवर,
आणि तो त्याला गिअरबॉक्स समजावून सांगतोय.